बाकीचे नव्व्याण्णव

राहीने वाट्यात दोन बांगडे जास्तीचे टाकले तेव्हाच राजश्रीला खटकलं. राही म्हणजे शेपूटसुद्धा फुकट न देणारी बाई. रत्नागिरीच्या मच्छी मार्केटात तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. ती आज आपण होऊन फळीवरचे दोन जाडे बांगडे उचलते, पिशवीत सोडते आणि वर हसते, म्हणजे काहीतरी बिनसलंच.

"हे काय गो राही?"

"असू देत वो बाई. तुमच्याकडनं काय घासाघीस करायची? भावाचा जीव वाचवताय तुमी." राहीने हात पदराला पुसले. "औषद कंदी देताय पन त्येला? शिमग्यात पालखीपुढं गाराणं घातलान त्यानं. आमी सगळी व्हतो तितं. माज्या भैनीचं औषद लवकर तयार होऊ दे, तवर मला राखून ठेव रे म्हाराजा, म्हटलान. सगळ्यानी व्हय म्हाराजा केलानी. माज्या तर डोळ्यांतना पानी आला."

"तो मुंबईला गेला नाही? सलाइन लावून घ्यायला?"

"मुंबईला?" राहीला हा प्रश्नच कळला नाही. "तुमचं असताना तो मुंबईला कशाला जाईल?"

राजश्रीने पैसे दिले. पिशवी उचलली आणि ती मार्केटाच्या बाहेर आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मार्चची सव्वीस तारीख, बुधवार. कॉलेजात साडेदहाला सुपरव्हिजन होती, एफ. वाय.च्या पोरांची. तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून आठवडे मोजले. मोजायची गरज नव्हती, पण बोटं आपोआप चालायला लागली. ऑपरेशन चार फेब्रुवारीला मुंबईत झालं. आतड्यातली गाठ काढली. हॉस्पिटलच्या जिन्यात तिला बाजूला घेऊन त्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुम्हाला सांगतो. गाठ गेली, पण डोळ्याला न दिसणारं काही मागे उरलेलं असणार. ते मारायचं तर केमो सहा आठवड्यांत सुरू करा. आठाच्या पुढे नेऊ नका, मग त्याला अर्थ राहत नाही. आठ आठवडे येत्या सोमवारी भरत होते. आणि महिपत, तिचा थोरला भाऊ, बापामागे ज्याने घर चालवलं आणि तिलाही चालवलं तो महिपत, मांडवीला घरात बसून तिच्या औषधाची वाट बघत होता. तिच्या औषधाची! जे नव्हतंच. जे नाहीच. आयशीचा घो, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारून जाणारी एक विद्यार्थिनी दचकून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून गेली.

सुपरव्हिजन सोडून, रिक्षाही न करता ती मांडवीकडे चालत निघाली. रिक्षावाल्याने विचारलं असतं, कसं काय बाई, भाऊ काय म्हणतो. ह्या गावात कुणाला गप्प बसता येत नाही. नुसतं गप्प बसता येत नाही असं नाही, ह्या गावाला माणसाचं कौतुक करायची खाज आहे. कुणाचा पोरगा दहावीला पंच्याऐंशी टक्के आणतो, घाल शाल. कुणी दुबईहून परत येतो, दे नारळ. बरं, करता ते करता, नीट विचारून तरी करा की माणसाला त्याने काय केलंय ते! दोन वर्षांपूर्वी तिला पीएचडी मिळाली तेव्हा ज्ञातिमंडळाने हॉलमध्ये सत्कार ठेवला. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचा फलक. औषधवाहक सूक्ष्म कणांच्या ऊतीतील वहनाचे गणिती प्रारूप, असं विषयाचं नाव अध्यक्षांनी तीन ठिकाणी अडखळून वाचलं आणि घाम पुसत म्हणाले, बाई, आता हे आमच्यासारख्या अडाण्यांना समजेल असं सांगा. तिने सांगितलं. साधं औषध म्हणजे गावभर वाटलेली जाहिरातीची पत्रकं, म्हणाली. ज्याला हवं त्याच्याही दारात, ज्याला नको त्याच्याही. पण हा कण म्हणजे पोस्टमन. पाकिटावर पत्ता आहे. बरोब्बर त्याच घरी जातो, त्याच माणसाच्या हातात देतो, शेजाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. हॉल टाळ्यांनी हलला. पुढच्या रांगेत महिपत बसला होता, पांढराशुभ्र शर्ट घालून. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या थांबल्या नव्हत्या.

त्याच्याकडे बघूनच पोस्टमन सुचला होता का? गेली दोन वर्षं तिने हा प्रश्न स्वतःला विचारायचं टाळलं होतं. आता चालता चालता तो आला आणि बरोबर चालायला लागला. कारण एकोणीसशे ब्याऐंशीच्या जूनमध्ये मुंबईहून रजिस्टर्ड पाकीट आलं होतं. एम. एस्सी.ला प्रवेश, वसतिगृहात जागा, अमुक तारखेच्या आत हजर व्हा. ते पाकीट तिने कधी पाहिलं नाही. ती जून थांबली, जुलै थांबली, दुपारी दोनच्या सुमाराला दारात उभी राहायची. ऑगस्टात टपालवाल्यानेच विचारलं, काय गो बाय, तूच नको म्हणालीस ना? तुझ्या दादानं सांगितलं, घेणार नाय, परत कर, म्हणून मी शेरा मारला. महिपत तेव्हा सत्तावीस वर्षांचा, लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. बाप जाऊन दोन वर्षं झालेली. ती त्याच्यासमोर उभी राहिली तर म्हणाला, मुंबईत जाऊन गणित शिकून काय करणार? दर्यातले मासे मोजणार? आणि जेवायला बसला. बोंबलाचं कालवण होतं. पुढची चार वर्षं तिने शिकवण्या केल्या, मग कोल्हापूरला जाऊन एम. एस्सी. केलं, मग नोकरी, मग इथे नाचणे रोडला स्वतःचा ब्लॉक. लग्नाचं राहून गेलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. पाकिटाचं वाटलं. त्या पाकिटाबद्दल महिपत पुढे एक अवाक्षर बोलला नाही आणि तिनेही काढलं नाही. गणपतीला, शिमग्याला ती मांडवीला जायची, जेवायची, यायची. त्याने कधी विचारलं नाही, राजी, तू कॉलेजात शिकवतेस तरी काय?

खाली वाकडातिकडा रस्ता, डावीकडे कुणाच्या तरी कलमांची बाग, कैऱ्या हात लागेल इतक्या खाली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि तिच्या साडीच्या काठाला लागत होतं. वास वर येत होता. ती चालतच राहिली. गणित आठवलं की तिला बरं वाटायचं, एरवी. रक्तात शंभर कण सोडले असं धरा. दुसऱ्या प्रकरणात तिने शरीर म्हणून फक्त एक रक्तवाहिनी आणि एक गाठ एवढंच घेतलं होतं. बाकी काही नाहीच असं समजायचं. गाठीतल्या रक्तवाहिन्यांना भोकं मोठी असतात, कण त्यातून आत झिरपतात. समीकरण सुटायचं, आणि आलेखाचा वक्र असा सुरेख वर चढायचा की बघत राहावं. मुंबईचे तिचे मार्गदर्शक त्या वक्रावर खूश होते. पण शरीरात यकृत असतं, प्लीहा असते. परकं दिसलं की गिळायचं एवढंच त्यांना माहीत. पाचव्या प्रकरणात तिने ती दोन्ही घातली. शिवाय गाठीच्या आतला दाबही घातला. कारण गाठीच्या आत दाब इतका असतो की आलेलं सगळं ती परत बाहेर ढकलते. पत्ता बरोबर असतो, दार उघडं असतं, आणि तरी घेणार नाय. हे लिहिताना तिला कुणाची आठवण आली होती ते तिने टंकलेखकाला सांगितलं नव्हतं. वक्र आडवा झाला. शंभरातला जेमतेम एक पोचत होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं होतं, मग बाकीचे नव्व्याण्णव, मॅडम? ती म्हणाली, यकृतात, प्लीहेत, लघवीत, सर. थोडे गाठीच्या दारापर्यंत जाऊन परत. आणि शेवटी, हे औषध अस्तित्वात नाही सर, ही फक्त अटकळ आहे. ते म्हणाले, हे तुम्ही लिहिलंत हेच मोठं आहे, लोक पाचवं प्रकरण लिहीत नाहीत. बंद खोलीत चार माणसं होती. तिच्या आयुष्यातला सगळ्यात खरा क्षण तो. आणि हॉलमध्ये दोनशे माणसांसमोर ती पाचव्या प्रकरणाबद्दल चकार शब्द बोलली नाही. शंभरातला एक, असं सांगितलं असतं तर टाळ्या झाल्या असत्या का? नारळसुद्धा परत मागितला असता.

दुसऱ्या दिवशी इथल्याच एका पेपरात चौकटीत बातमी आली. मांडवीच्या कन्येने शोधले कर्करोगावर अचूक औषध.  तिने पेपरच्या कचेरीत फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला नाही. ही झाली खरी गोष्ट. वाटेल तेवढा पेपराला दोष द्या, राजश्रीबाई, पण फोन तुम्ही एकदाच लावलात. कॉलेजात लोक वाटेत थांबवून बोलायला लागले. प्राचार्यांनी चहाला बोलावलं. स्टाफरूममध्ये टवाळी करणारेही होतेच. यंदा जानेवारीत नॅनो नावाची छोटी गाडी जाहीर झाल्यावर एकजण तिच्या नॅनो-कणांवरून रोज विचारायचा, मॅडम, तुमची नॅनो कधी येते? त्याच्यावर ती चिडायची, पण त्या चिडण्यातही मजा होती. आणि महिपतने ते कात्रण काचेत बसवून घेतलं. ओटीवर लावलं, बापाच्या फोटोशेजारी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती त्या फ्रेमसमोर नको इतका वेळ उभी राहिली होती.

मांडवीचा उतार लागला तशी दर्याची गाज ऐकू यायला लागली. तिचे पाय मंदावले. अजून एक गोष्ट होती आणि तीही आत्ताच बाहेर यायची होती. फेब्रुवारीत, त्याला मुंबईहून आणल्यावर ती बघायला गेली होती. खाटेवर वाळून गेलेला, गालाची हाडं वर आलेली. वहिनी, मैना, आत पेज करत होती. महिपत छताकडे बघत म्हणाला, राजी, तुझं ते कधी येतंय गो? सत्तेचाळीस वर्षांत त्याने तिला विचारलेला पहिला प्रश्न. त्यात चेष्टा नव्हती, हुकूम नव्हता. तिला कळलं होतं तो कशाबद्दल विचारतोय. शंभर टक्के कळलं होतं, उगाच आता साळसूदपणा नको. आणि ती म्हणाली होती, येईल रे. बस, एवढंच. का म्हणालीस? आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून? खोटं. तुला बरं वाटावं म्हणून. दर्यातले मासे मोजणारीकडे तो तोंड वर करून बघत होता आणि तुला ते आणखी थोडा वेळ हवं होतं. मग परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले, यंदा शिमग्यालाही जाणं झालं नाही, ती फोनवर वहिनीला विचारायची, कसा आहे? वहिनी म्हणायची, टाके भरतायत, जेवतोय. मुंबईचं काय, हे तिने विचारलं नाही. भीती वाटत होती म्हणूनच विचारलं नाही. काय उत्तर येईल ते तिला माहीत होतं.

महिपत ओटीवर आरामखुर्चीत बसला होता. अंगात बंडी, पोटावर टॉवेल. त्याच्या डोक्यावरच ती फ्रेम. तिला फाटकातून येताना बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला मागे फिरावंसं वाटलं.

"आलीस? आणलंस?"

मैनावहिनी पुढे झाली, पिशवी घेतली, "बांगडे होय, बरं झालं," म्हणाली आणि मागच्या दारी गेली. पण तिचा कान ओटीवरच होता, मासे साफ करायला पाट ओढल्याचा आवाज आला नाही.

"दादा, तू मुंबईला का नाही गेलास?"

"कशाला जायचं? माझ्या बाजूच्या खाटेवर तो खेडचा माणूस होता, बघितलास ना? सलाइन लावली की दिवसभर बालदीत तोंड. डोक्यावर केस नाय, भुवई नाय. आतून जाळतात ते माणसाला. वैऱ्यावर वेळ येऊ नये. आणि तुझं घरचं औषध असताना मी कशाला जाळून घेऊ? ते नेमकं जातं, दुसऱ्या कशाला हात लावत नाय. तूच सांगितलंस. हजार माणसांत."

दोनशे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

ती समोरच्या बाकावर बसली. वर्गात सांगावं तसं सांगायला तिने सुरुवात केली, कारण दुसरं कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं. म्हणाली, दादा, ऐक. मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. शंभर कण सोडले तर एक पोचतो. बाकीचे नव्व्याण्णव यकृत खातं. महिपतने मान हलवली, विचार केला आणि चक्क हसला.

"एक पोचतो ना? मग झालं तर! दर्यात शंभर वेळा जाळं टाकतो तेव्हा कुठे एकदा घोळ मासा लागतो, म्हणून माणूस जायचा राहतो काय? तू दे. शंभराच्या जागी हजार दे. माझं यकृत खाऊ दे काय खायचं ते."

"अरे, पण ते औषध नाहीच!" तिचा आवाज चढला. "केलेलंच नाही. मी औषध करत नाही दादा, मी गणित करते. कागदावर. असं औषध केलं तर किती पोचेल, याचा हिशेब. बाटली नाही, गोळी नाही, काही नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही."

  महिपतने मान मागे करून फ्रेमकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मग शाल कशाबद्दल दिली तुला?"

"गणिताबद्दल."

"गणिताबद्दल कोण शाल देतं गो?"

 खरंच, कोण देतं? तिने पेपरात चूक छापलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग तू तेव्हा का नाय बोललीस? तिने फोनचं सांगितलं, एकदा लावला, लागला नाही. ऐकतानाच तिला ते किती पोकळ वाटलं. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. दर्यावर ढग बघावेत तसा. आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलला. राग नव्हता तो. काहीतरी एकदाचं उमगल्यासारखा तो सैल झाला. तिला वाटलं, कळलं ह्याला. सुटले.

"समजलं," महिपत म्हणाला. "हाय. औषध हाय. पण तू मला देणार नायस."

"काय बोलतोस?"

"त्या पाकिटापायी."

 सव्वीस वर्षांत त्या घरात हा शब्द उच्चारला गेला नव्हता. त्याला आठवत होतं! रोज आठवत होतं की काय कोण जाणे. तो विसरला म्हणून ती त्याचा राग करत आली होती, आणि तो विसरलाच नव्हता.

"मला ठाऊक होतं तू कधीतरी काढशील," तो म्हणाला. "बरोबर हाय तुझं. मी असतो तरी हेच केलं असतं. येईल येईल म्हणालीस आणि दोन महिने मला झुलवत ठेवलंस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

"दादा, नाही रे! तुझी शप्पथ—"

पण तो उठला होता. एक हात पोटावर, टाक्यांवर दाबून, दुसऱ्याने खुर्चीचा दांडा धरून. ती धरायला पुढे झाली तर त्याने तिचा हात झिडकारला आणि तिथल्या तिथे गुडघ्यावर आला. थोरला भाऊ. शेणाने सारवलेल्या त्या ओटीवर. त्याने तिच्या पायांना हात लावला. बोटं गार होती. मैनावहिनी दारात येऊन उभी होती, हाताला खवले चिकटलेले, तोंड उघडं.

"चुकलो," महिपत म्हणाला. "तू गेली असतीस तर परत आली नसतीस, म्हणून केलं. आई एकटी पडली असती. मी दर्यावर. चुकलो मी राजी. तुझं वाटोळं केलं. पाया पडतो. पण दे आता."

आणि राजश्रीला आनंद झाला. लपवून काय उपयोग? पोटातून वर, घशापर्यंत, लख्ख आनंद झाला. हे ऐकायला ती जगली होती. दर गणपतीला आरती संपली की त्याच्याकडे बघून ती ह्याचीच वाट बघायची. आता आलं, तर मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडून, नसलेल्या औषधासाठी. ती त्याला उठवायलासुद्धा विसरली.  मग तिला त्याच्या मानेवरची शीर दिसली, उडत होती. सोमवार, तिच्या मनात आलं. सोमवारी आठ आठवडे. औषध नाही असं मी अजून दहा वेळा सांगितलं तरी हा मानणार नाही. औषधच नाही, यापेक्षा बहीण वैरीण आहे, हे त्याला सोसवतं. औषध आहे आणि बहीण देत नाही, एवढ्या आशेवर हा इथेच बसून राहील, मला शिव्या देत, मे महिन्यापर्यंत, जूनपर्यंत. मग संपेल. खऱ्याने हा माणूस हलत नाही. हॉलमध्ये खोटं बोलायला तिला एक क्षण लागला नव्हता. आत्ता मात्र वेळ लागत होता, कारण ह्या खोट्याला शाल मिळणार नव्हती.

"होय," ती म्हणाली. "मुद्दामच दिलं नाही."

दारातून वहिनीचा श्वास ऐकू आला.

"पाकिटासाठीच. तू पाया पडायची वाट बघत होते." आवाज कसा कोरडा आला, तिचं तिलाच नवल वाटलं. एका अर्थी ते खोटंही नव्हतं. "आता देते. पण ते घरी देता येत नाही. मुंबईला त्याच हॉस्पिटलात देतात, सलाइनमधून. त्या खेडच्या माणसाला देत होते ते वेगळं. तुझ्या बाटलीत माझं असेल. पंधरा दिवसांनी एकदा, असं बारा वेळा. आणि ऐक, उलट्या होतील. केस जातील. तोंड येईल. झालं तर घाबरायचं नाही, औषध लागू पडतंय असं समजायचं. एकही वेळ चुकवायची नाही. चुकवलीस तर पुन्हा देणार नाही."

"नाय चुकवणार," महिपत लहान पोरासारखा म्हणाला. "कधी जायचं?"

"सोमवारी सुरू करायचं. रविवारी निघा. डॉक्टरांना मी आज फोन करते."

त्याला उठवायला ती वाकली, पण वहिनी मध्ये आली. तिने खवल्यांच्या हातांनीच नवऱ्याला काखेत धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, टॉवेल नीट केला. एवढं सगळं करून मग ती राजश्रीकडे वळली. मैनावहिनी पंचवीस वर्षांत वर आवाजात बोललेली बाई नव्हे.

"वन्सं," ती म्हणाली, "कुत्र्याला तरी पाणी देतात हो."

राजश्रीने मान खाली घातली.  वहिनीला तरी बाजूला घेऊन सांगावं, तिच्या मनात आलं. पण वहिनीच्या पोटात काही राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. रात्री अंथरुणात ती नवऱ्याला सांगणार, रविवारची गाडी चुकणार. तेव्हा वहिनीलाही नाही. कुणालाच नाही. पुढचे सहा महिने तरी नाही, आणि त्यानंतर सांगून कोण ऐकणार होतं?

महिपतने दगडी गडग्यापलीकडे हाक मारली, "भागोजी! ए भागोजी! कबूल झाली रे! सोमवारी सुरू!" त्याचा आवाज लाँचवरून किनाऱ्याला हाक मारायचा तसा निघाला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. भागोजी शेजारच्या अंगणातून गडग्याशी आला. "बरं झालं," म्हणाला. "पण हाय म्हणतोस तर एवढे दिवस का नाय दिलान तिनं?" आणि महिपतने सांगितलं. दम लागत होता तरी सांगितलं, पाकिटापासून. स्वतःची चूकही त्याने लपवली नाही, पण भागोजी ऐकत होता ते दुसरंच. तो ऐकता ऐकता राजश्रीकडे बघायला लागला आणि मग बघायचा थांबला. तिन्हीसांजेच्या आत हे मांडवीभर होणार होतं, उद्या सकाळी मार्केटात.

"मी येते रविवारी तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोलायला, सगळं नीट—"

"तू नको," महिपत म्हणाला.

तो तिच्याकडे बघत नव्हता. आवाजात राग नव्हता, थकवा होता आणि एक स्वच्छ, कायमचा परकेपणा.

"तू येऊ नकोस, राजी. औषध तेवढं पाठव."

"बरं," राजश्री म्हणाली आणि फोन करायला निघाली.